पाण्यातला दुसरा ‘ए’

‘आलोच’ असं लिहून कुणी जातं का रे, भागवत?

मागच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तुझा मेसेज आला. ‘आपा, चहा सांग. आलोच. एक दाखवायचंय.’ मी चहा सांगितला. दोन कप आले. एक मी प्यायले, दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली. साडेनऊला मी तुला लिहिलं, ‘कुठं मेलास?’ आपल्याकडे उशीर करणाऱ्याला असंच विचारतात, दिवसातून दहा वेळा विचारतात, आणि तो ‘इथंच मेलोय’ म्हणत दारातून आत येतो. ते दोन शब्द अजून माझ्या फोनमध्ये आहेत. त्यांच्याखाली काही नाही.

पावणेदहाला तुझ्या बायकोच्या, सविताच्या नंबरवरून फोन आला. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या बाई बोलल्या. भागवत घराच्या जिन्यात पडले, हेल्मेट हातातच होतं, दवाखान्यात नेलं पण उपयोग झाला नाही. हृदय बंद पडलं म्हणे. चौतीस वर्षांच्या माणसाचं! जो ऑफिसच्या तीन मजल्यांना लिफ्ट सोडून जिन्यानं यायचा आणि वर पोचल्यावर लिफ्टमधून उतरणाऱ्या मला हसायचा, त्याचं. मी त्या बाईंना विचारलं, ‘कोणता भागवत?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, तुमचाच.’ मी पुन्हा विचारलं, कोणता भागवत. आमच्यात अशी खबर ऐकली की ‘इन्ना लिल्लाही’ आपोआप ओठांवर येतं, लहानपणापासून पाठ असतं. माझ्या ओठांवर तेही आलं नाही. मी उठले आणि त्या कपावरची बशी सरळ केली.

आज आठवा दिवस. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळाला पाणी येतं. तू गेलास त्या सकाळी आलं होतं, आज परत आलं, त्यामुळे मला दिवस मोजावे लागले नाहीत. म्हणजे त्या मंगळवारी मी सगळी भांडी भरून, टाकी भरून, खुशीत गुणगुणत ऑफिसला आले होते. मला त्या गुणगुणण्याचाच राग येतो.

परवा रविवारी मी वैजापूरकडे, तुझ्या वडिलांच्या वस्तीवर जाऊन आले. सविता एका कोपऱ्यात बसली होती. एकदम म्हणाली, ‘नसरीनताई, ते दिवसभर नेमकं काय करायचे हो तिथं?’ सहा वर्षांचा संसार आणि हा प्रश्न तिनं मला विचारावा! तू घरी काही सांगायचा नाहीस हे मला माहीत होतं, पण इतकं?

मग मी तिला सांगितलं. आमच्या पाठक सरांच्या सात माणसांच्या कंपनीत टँकरचा प्रोग्रॅम बनतो. कोणत्या वस्तीत माणसं किती, त्यांना पाणी किती लागेल, टँकर कोणत्या विहिरीवर भरायचा, खेपा किती, हे तो ठरवतो. टँकरचं काम घेतलेला कंत्राटदार सकाळी त्यातून यादी काढतो आणि ड्रायव्हरांच्या हातात देतो. यादीत नाव असेल तिथं टँकर जातो. नसेल तिथं जात नाही. या प्रोग्रॅममध्ये आम्ही रोज काहीतरी बदलत असतो, आणि एक नीट करायला गेलं की दुसरं मोडतं. म्हणून टेस्ट असतात. टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमलाच विचारलेला बारकासा प्रश्न. हजार माणसं, माणशी वीस लिटर, टँकर दहा हजारांचा, तर खेपा किती? दोन म्हणाला तर हिरवं. दुसरं काही म्हणाला तर लाल. असे आमच्याकडे शेकडो प्रश्न लिहून ठेवलेत.

‘मग हे काय करायचे?’

‘ते प्रश्न वेळच्या वेळी विचारणारं कुत्रं त्यानं बनवलं.’

सविता रडता रडता हसली. ‘शेरू व्हय,’ म्हणाली. तिला कुत्र्याचं नाव माहीत होतं, काम माहीत नव्हतं.

तू आलास ते साल आठवतंय? पाऊस नव्हताच. ऑफिसच्या खिडकीतून तेव्हा डोंगरापर्यंत दिसायचं, आता समोरच्या इमारतीतली धुणी दिसतात. बायपासच्या पलीकडे रोज एक नवी कॉलनी उभी राहायची, घरं आधी, पाइपलाइन कधीतरी. शहर वाढतंय हे मला आपल्या यादीत कळायचं. आज एक नाव आलं, उद्या तीन. तू पहिल्या दिवशी ती यादी वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचलीस आणि म्हणालास, ‘आपा, ही समदी मेंढरं कोण राखतंय?’ मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून आपा. सिल्लोडची शेख नसरीन तुला पहिल्या दिवशीच बहीण झाली, माझी परवानगी न घेता.

तेव्हा सगळ्या टेस्ट चालवायला बावीस मिनिटं लागायची. आपली जुनी मशीनं पंखे फिरवून फिरवून गरम व्हायची, मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. एका ओळीतली चूक सुधारायची आणि बावीस मिनिटं बसायचं. कोण बसणार? सगळे टेस्ट न चालवताच काम पुढं ढकलायचे. मीही ढकलायचे. तुला ते सहन व्हायचं नाही. एका दुपारी तू डबासुद्धा न खाता काहीतरी लिहीत बसलास आणि चार वाजता मला बोलावलंस. ‘आपा, ही फाइल उघड. काहीतरी बिघडव. आन सेव्ह कर.’

मी एका बेरजेची वजाबाकी केली आणि सेव्ह केलं. तीन सेकंदांत तुझ्या मशीनमधून कुत्रं भुंकलं. खरंखुरं कुत्रं. सर केबिनमधून बाहेर आले. मी खुर्ची सोडून उभी राहिले. आणि तू पोट धरून हसत होतास. तुझ्या वडिलांच्या कळपावरच्या शेरूचा आवाज तू फोनवर भरून आणला होतास.

फाइल सेव्ह झाली रे झाली की तुझा शेरू बघायचा, बदललं काय, आणि त्या बदलाशी संबंध असलेल्याच टेस्ट चालवायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. हिरवं असेल तर गप्प. लाल असेल तर भुंकायचा. महिन्याभरात तो सातही मशीनांवर बसला. एकदा मोठ्या गिऱ्हाइकांची बैठक चालू असताना सरांच्या लॅपटॉपवर भुंकला आणि सरांना घाम फुटला, ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

आणि आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. मी म्हटलं, ‘संबंध असलेल्याच म्हणजे काय? संबंध आहे की नाही हे तुझ्या कुत्र्याला कोण सांगणार? सगळ्या चालव.’ तू म्हणालास, ‘आपा, जे कुत्रं समद्यावर भुंकतं ना, त्याच्या भुंकण्यानं माणूस उठत नाय. कूस बदलून झोपतो. भुंकल्यावर माणूस उठला पायजे, तरच ती राखण.’ मी म्हटलं, ‘आणि जे भुंकलंच नाही, त्याचं काय?’ त्यावर तू डोकं खाजवलंस. मग म्हणालास, ‘मंग कुत्र्याला शिकवायचं.’ तीन वर्षं आपण हेच भांडत होतो. चहाच्या टपरीवर, जिन्यात, एकदा माझ्या भाचीच्या लग्नात बिर्याणीच्या पंगतीतसुद्धा. अम्मीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘वो कौनसे कुत्ते की बात करते तुम लोगां?’

शहराचं नाव बदललं तेव्हा मी एका फाइलीत एक ओळ बदलली आणि शेरू सत्तावीसदा भुंकला. पत्रांचे मथळे, पावत्या, याद्या, सगळं लाल. मी म्हटलं, ‘बघ, समद्यावर भुंकतोय.’ तू मान हलवलीस. ‘समद्यांचा संबंध हाय म्हून भुंकतोय, आपा. ह्याला मी काय करू?’ तो दिवस तू जिंकलास, मी कबूल केलं नव्हतं. आज करते.

शेरूची एक खोड होती आणि ती तू लपवली नाहीस. तो नावावरून ओळखायचा. फाइलीच्या नावात जो शब्द, तोच शब्द नावात असलेल्या टेस्ट तो शोधायचा. आता आपले शब्द मराठी आणि लिपी इंग्रजी, म्हणजे ज्याच्या मनाला येईल ते स्पेलिंग. म्हणून तू एक कागद लिहून पाण्याच्या जारवर चिकटवलास. विहीर अशी लिहा, खेप अशी, वस्ती अशी. पाणी: पी, ए, एन, आय. आणि समोर कंसात, ‘एकच ए.’ त्या ओळीखाली तू दोनदा रेघ मारलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी त्या कागदावर सही केली. खाली अजून आहे माझी सही.

पण माझी बोटं काय करणार, सांग. आमच्या घरच्या ग्रुपवर मी दर आठ दिवसांनी एकच वाक्य टाइप करते, ‘पानी आया क्या?’ कित्येक वर्षं करते. त्यात पी, मग दोन ए. आम्ही ‘पा’ असा लांब ओढतो, मग बोटंही दोनदा दाबतात. त्या एका शब्दाला माझ्या बोटांना विचारावंही लागत नाही. कागदावर सही केली म्हणून बोटं ऐकतात का?

आता ते दोन दिवस. यावर आपण बोललोच नाही.

सरांनी मला सांगितलं होतं, यादीत पावणेदोन खेपा, सव्वा खेप असं येतं, ड्रायव्हर हसतात, पूर्ण आकडे दाखव. मी पाणीवाटपाची फाइल उघडली, आकड्यांचं शेपूट छाटलं, सेव्ह केलं. शेरू गप्प. हिरवं. मी काम पुढं पाठवलं आणि घरी गेले. शेपूट छाटल्यावर सव्वाची एक झाली, ठीक. पण नऊ घरांच्या एका वस्तीला खेपेचा दहावा हिस्साच लागत होता. त्याचं शेपूट छाटलं आणि उरलं शून्य. शून्य खेप म्हणजे यादीत नाव नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला आणि तो मीच उचलला. कंत्राटदाराच्या माणसानं त्या वस्तीवरच्या कुणा म्हातारीला सरळ आपल्या ऑफिसचा नंबर देऊन टाकला होता. ती म्हणाली, ‘बाई, दोन दिस झाले, टँकर न्हाई आला. आमी मेलो म्हून नाव काढलं का वं?’ लहान पोरं आणि बाया दोन दिवस ऊन डोक्यावर घेऊन लांबच्या शेतातल्या विहिरीवर जात होत्या. मी ‘थांबा हं, बघते’ म्हटलं आणि यादी उघडली. टँकर तासाभरात निघाला, तो तूच फोनवर फोन करून काढलास.

मग सरांनी सगळ्यांना बोलावलं. बदल माझा आहे हे स्क्रीनवर दिसतच होतं. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काय केलं? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. ‘मी सेव्ह केलं तेव्हा सगळं हिरवं होतं, सर. भागवतचं कुत्रं भुंकलंच नाही. मी तीन वर्षं सांगतेय, सगळ्या टेस्ट चालवा म्हणून.’ माझा आवाज चढला होता. त्या म्हातारीचं वाक्य कानात होतं आणि ते मला माझ्या अंगावरून झटकून कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं.

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी नंतर कितीदा आठवून पाहिलं. तू सरांना म्हणालास, ‘बराबर हाय सर. राखण माझी व्हती. माझी चूक.’ सर तुला सगळ्यांसमोर नको ते बोलले. ‘खेळणी बनवायला पगार देतो का मी?’ म्हणाले. त्याच दुपारी शेरू सगळ्या मशीनांवरून काढला. पुन्हा बावीस मिनिटं. मी भांडण जिंकले होते.

शेरू का भुंकला नाही, हे मी बघितलं नाही. तू बघितलंस की नाही, हेही विचारलं नाही. जिंकलेल्या माणसाला कसली चौकशी?

पुढचे तीन आठवडे आपण ‘फाइल पाठवली’, ‘मिळाली’ इतकंच बोललो. तू जिन्यानं येत राहिलास, पण वर आल्यावर हसायचा नाहीस. आणि हेही सांगून टाकते, आठवड्याभरात सगळ्यांनी पुन्हा टेस्ट न चालवता काम ढकलायला सुरुवात केली. मीसुद्धा. ज्या बावीस मिनिटांसाठी मी तीन वर्षं तुझ्याशी भांडले, ती मला दुसऱ्याच दिवशी नकोशी झाली. तुला ते दिसत असणार. तू एका शब्दानं टोमणा मारला नाहीस.

मग मंगळवारी एकदम ‘आपा, चहा सांग’ आलं. तीन आठवड्यांनी आपा! मी किती खूश झाले होते, भागवत. म्हणूनच तर ‘कुठं मेलास’ लिहिलं. रुसवा असता तर ‘कधी येतोयस’ असं लिहिलं असतं.

शुक्रवारी सर मला म्हणाले, ‘त्याचं मशीन तूच उघड. काय अर्धवट आहे ते बघ. मला नाही जमणार.’ त्यांचे डोळे सुजलेले होते. तुझ्या खुर्चीवर बसायचं जिवावर आलं, म्हणून मी माझी खुर्ची ढकलत नेली. तुझ्या चपला टेबलाखाली होत्या, त्या मी पायानं न हलवता हातानं बाजूला केल्या. मशीन उघडलं. खाली कोपऱ्यात एक बारकी खिडकी चालू होती. शेरू. सरांनी काढायला सांगितलं तरी तू तुझ्या मशीनवर त्याला बांधून ठेवला होतास.

मी त्याची फाइल उघडली. वरच्या बाजूला एक ओळ होती. एका ए चं पाणी आणि दोन ए चं पाणी, दोन्ही एकच समजायचं. आणि तिच्या शेजारी तू स्वतःसाठी मराठीत टीप लिहिली होतीस. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली. ‘आपा दोन ए लावती. तिला सांगायचं नाय, लई मनाला लावून घेती. मेंढरानं आवाज बदलायचा नसतो. कुत्र्यानं वळखायचा असतो.’

टीप कधी लिहिली ते शेजारी होतं. त्याच दिवशी. म्हातारीचा फोन आला, सर बोलले, शेरू काढला, त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता.

मला समजायला वेळ लागला. मग मी जुन्या टेस्ट उघडल्या. तिथं एक टेस्ट होती, मीच लिहिलेली, आठ-नऊ महिन्यांपूर्वी. नऊ घरांच्या वस्तीला खेपा किती? उत्तर: काहीही चालेल, शून्य नको. हाच प्रश्न, हेच उत्तर! आणि तिच्या नावात पाणी लिहिलं होतं दोन ए लावून. शेरूनं एका ए च्या पाण्याच्या सगळ्या टेस्ट गोळा केल्या, विचारल्या, हिरवं बघून गप्प बसला. माझी टेस्ट लांब उभी राहिली, तिला कुणी हाकच मारली नाही. बदल माझा, टेस्ट माझी, सही माझी, दुसरा ए माझा. आणि बोलणी तू खाल्लीस. तुला पाच वाजता सगळं कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘फाइल पाठवली’ म्हटल्यावर तू ‘मिळाली’ म्हणालास.

मला तू मेंढरू म्हणालास, त्यावरून मी आज तुझं डोकं खाल्लं असतं. कुणाचं खाऊ?

त्या ओळीच्या खाली आणखी बरंच काही होतं. तीन आठवडे तू गप्प बसून हेच करत होतास तर. शेवटची टीप सोमवारची होती. ‘आता नावाचं काम नाय. कुठली टेस्ट कुठल्या फाइलीला आतून हाक मारती ते शेरू सोता बघतो. उद्या आपाला दाखवायचं.’

तर हे दाखवायचं होतं. हे दाखवायला तू येत होतास, हेल्मेट हातात घेऊन.

मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच ठेवलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. सांगितलं, चूक भागवतची नव्हती. कागदावरचा नियम मी मोडला, म्हणून शेरू भुंकला नाही. त्याला माहीत होतं आणि तो बोलला नाही. सर टेबलाकडे बघत होते. म्हणाले, ‘आता काय उपयोग, नसरीन.’ मी म्हटलं, ‘नाही ना उपयोग. तरी ऐका.’ आणि सगळं परत सांगितलं, ए मोजून. बाहेर कुणी टाइप करत नव्हतं.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. ज्याला ऐकवायचं तोच नव्हता.

म्हणून रविवारी तुझ्या वस्तीवर गेले. तुझे वडील, आबा, घोंगडीवर बसले होते. मेंढरं गोदाकाठी चाऱ्याला गेली होती, ती भावाच्या हवाली करून ते निघून आले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, ‘आबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्याला माझ्यापायी बोलणी बसली. चूक माझी होती.’

‘ठावं हाय,’ आबा म्हणाले.

‘तुम्हाला कसं?’ मी विचारलं.

‘मागल्या महिन्यात फोन आल्ता त्याचा. म्हनला, आबा, शेरू भुंकला नाय, लई बोलणी बसली. मी म्हनलो, मंग कुत्र्याला मारलं का? म्हनला, नाय, शिकवतोय. म्हनलो, मंग झालं की.’ त्यांनी घोंगडीची दुमडलेली कड सरळ केली. ‘कुनाचं मेंढरू व्हतं, ते काय त्यानं सांगितलं नाय.’

मी रडायला लागले, तिथंच, सगळ्या बायांसमोर. आबांनी मला गप्प केलं नाही, रडू दिलं. मग विचारलं, ‘आता भुंकतंय का ते?’

मी टीप वाचली होती, ओळी वाचल्या होत्या, पण चालवून पाहिलं नव्हतं. मला भीती वाटत होती, भागवत. नसेल भुंकत तर?

‘बगून सांग मला,’ आबा म्हणाले. ‘आमचा खरा शेरू तर गेला औंदा. तेवढाच ऱ्हायलाय.’

काल सोमवारी दुपारी मी पुन्हा तुझ्या मशीनसमोर बसले. आबांना फोन लावला आणि तो तुझ्या स्पीकरजवळ ठेवला. सर मागे येऊन उभे राहिले, बाकीचेही आले. मी पाणीवाटपाची फाइल उघडली आणि तीच चूक परत केली, मुद्दाम, शब्दाला शब्द. आकड्याचं शेपूट छाटलं. दोन ए वाली माझी टेस्ट तशीच होती. आणि त्याआधी मी आणखी एक केलं होतं. माझं पाणी एकच आहे असं शेरूला सांगणारी तुझी ती ओळ मी बंद करून ठेवली होती. तू म्हणाला होतास ना, आता नावाचं काम नाही? मग बघूच, म्हटलं. तीन वर्षं भांडलेय मी तुझ्याशी, अशी सहज कशी सोडेन?

सेव्ह केलं.

एक. दोन. पंख्याचा आवाज. तीन.

शेरू भुंकला. खणखणीत, दोनदा. स्क्रीनवर लाल अक्षरांत माझ्या त्या टेस्टचं नाव आलं, दोन ए सकट. नऊ घरं, शून्य चालणार नाही, मिळालं शून्य. सर ‘अरे’ एवढंच म्हणाले आणि तोंडावर हात ठेवून वळले.

मी फोनकडे वाकले. मी म्हटलं, ‘आबा, ऐकलंत?’

‘ऐकलं,’ ते म्हणाले. ‘त्योच हाय.’

मी तशीच बसून राहिले, लाल अक्षरांकडे बघत. फोनमधून आबांनी दोनदा घसा साफ केला.

‘भुंकला न्हवं?’ ते म्हणाले. ‘मंग उठ की, बाई. बसून काय ऱ्हायलीस?’

मी उठले, भागवत. डोळे पुसले आणि त्या वस्तीची खेप परत यादीत घातली.